जैविक निविष्ठा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जिवाणू खते, जैविक कीडनाशके आणि मित्रकीटक यांच्याविषयी पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न येथे एकत्र केले आहेत. प्रश्न शक्यतो विचारणाऱ्यांच्याच शब्दांत ठेवले असून, एका उत्तराचा संबंध दुसऱ्याशी येतो तेथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. जैविक निविष्ठा म्हणजे नेमके काय? सेंद्रिय शेती म्हणतात ती हीच का?

ज्या उत्पादनातील काम करणारा घटक स्वतः सजीव असतो किंवा सजीवापासून मिळवलेला असतो, त्याला जैविक निविष्ठा म्हणतात. पिकाला अन्नद्रव्ये मिळवून देणारे रायझोबियम, अझोटोबॅक्टर, अझोस्पिरिलम व मायकोरायझा, रोग आणि किडींना रोखणारे ट्रायकोडर्मा, बॅसिलस थुरिंजिएन्सिस म्हणजेच बीटी, बिव्हेरिया, मेटारायझियम आणि एनपीव्ही हा विषाणू, ट्रायकोग्रामासारखे मित्रकीटक, आणि वनस्पतींचे अर्क, कामगंध (मादीने नराला बोलावण्यासाठी सोडलेला गंध), समुद्रशैवालाचे अर्क अशी निर्जीव परंतु जैव मूळ असलेली उत्पादने, एवढा सगळा पसारा या एका नावाखाली येतो.

सेंद्रिय शेती ही शेती करण्याची पद्धत आहे आणि तिचे स्वतःचे प्रमाणीकरण असते. रासायनिक खते देणारा शेतकरीही बियाण्याला रायझोबियम चोळू शकतो. उलट, जैविक असलेले प्रत्येक उत्पादन सेंद्रिय प्रमाणीकरणात चालतेच असे नाही, कारण त्यातील संरक्षक रसायनामुळे किंवा सूक्ष्मजीवात जनुकीय बदल केलेला असल्यामुळे ते बाद होऊ शकते. प्रमाणपत्र टिकवायचे असेल तर खरेदीपूर्वी प्रमाणीकरण संस्थेला विचारावे.

२. हे सगळे अलीकडचे फॅड आहे का?

नाही. कडधान्याच्या मुळांवरील गाठींमधून हवेतील नत्र पिकाला मिळतो हे हेलरीगेल आणि विलफार्थ यांनी जर्मनीत १८८६ ते १८८८ या काळात दाखवून दिले, १८८८ मध्ये बायरिंक यांनी त्या गाठींतला जिवाणू वेगळा केला, आणि त्याच शतकाच्या अखेरच्या दशकात नोबे व हिल्टनर यांचे ‘नायट्रॅजिन’ हे जिवाणू संवर्धक (बियाण्याला चोळायचे जिवंत जिवाणूंचे उत्पादन) विक्रीला आले. हवेतील नत्रापासून कारखान्यात खत तयार होऊ लागले ते त्यानंतर.

कीडनियंत्रणाचा इतिहास तर आणखी मागे जातो आणि त्यात रेशीमकिड्याचे ऋण मोठे आहे. इटलीत अगोस्तिनो बास्सी यांनी १८३५ मध्ये रेशीमकिड्यांचा पांढरा रोग एका बुरशीमुळे होतो हे सिद्ध केले. त्यांच्याच नावावरून तिला आज आपण बिव्हेरिया बॅसियाना म्हणतो. बीटी हा जिवाणू १९०१ मध्ये जपानमध्ये इशिवाता यांना आजारी रेशीमकिड्यांतच सापडला, पुढे जर्मनीत बर्लिनर यांनी त्याला थुरिंगिया प्रांतावरून नाव दिले, आणि १९३८ मध्ये फ्रान्समध्ये त्याचे ‘स्पोरेइन’ हे उत्पादन निघाले. कीटकाच्या कामगंधाची रासायनिक ओळख प्रथम पटली तीही १९५९ मध्ये, बुटेनान्ट यांच्या प्रयोगशाळेत, रेशीमपतंगाच्या सुमारे ५ लाख माद्यांपासून. या किड्याला आजही कशाची किंमत मोजावी लागू शकते, हे प्रश्न ११ मध्ये येईल.

३. मग वापर आत्ताच एवढा का वाढला?

मुख्य कारण किडींचे आहे. एकाच गटाची रासायनिक औषधे वर्षानुवर्षे मारल्यामुळे अनेक किडी त्यांना दाद देईनाशा झाल्या. दुसरीकडे, काही जुनी औषधे विषारीपणामुळे बाजारातून काढली गेली, नवे रेणू शोधून मंजूर करून घेणे महाग आणि वेळखाऊ झाले, आणि शेतमाल घेणारे खरेदीदार अवशेषांबाबत कडक झाले. याच्या जोडीला उत्पादनाचे तंत्रही सुधारले: मोठ्या टाक्यांतील किण्वन, बीजाणू सुकवण्याच्या चांगल्या पद्धती आणि द्रवरूप संवर्धके यांमुळे पूर्वी काही आठवड्यांत निकामी होणारा माल आता अधिक काळ टिकतो.

४. जिवाणू खत घातले की युरिया बंद करता येईल का?

पीक कोणते, यावर हे अवलंबून आहे. सोयाबीन, हरभरा, वाटाणा अशा शेंगवर्गीय पिकांत उत्तर बहुतांशी ‘होय’ असे आहे. ब्राझीलमधील सोयाबीनचे विस्तीर्ण क्षेत्र जवळजवळ नत्र खताविना, ब्रॅडीरायझोबियम या सोयाबीनच्या गाठींतल्या जिवाणूच्या जोरावर पिकते. त्यामागे योहाना डोबेराइनर यांच्यासारख्या शास्त्रज्ञांचा अनेक दशकांचा आग्रह होता. मात्र त्यासाठी पिकाला त्याचाच जिवाणू मिळाला पाहिजे. सोयाबीनचे संवर्धक हरभऱ्याला चोळले तर उपयोग होत नाही, कारण हरभऱ्याच्या मुळाला मेझोरायझोबियम ओळखीचा असतो आणि वाटाण्याला रायझोबियम लेग्युमिनोसारम.

गहू, भात, मका, ऊस यांसारख्या पिकांत मात्र अशी पक्की भागीदारी नसते. अझोस्पिरिलम किंवा अझोटोबॅक्टर मुळांच्या आसपास राहून थोडा नत्र स्थिर करतात आणि मुळांची वाढही सुधारतात, म्हणून खताच्या मात्रेत काही कपात करता येते. पूर्ण खत बंद करणे म्हणजे पुढच्या पिकाची तजवीज जमिनीतून उसनी घेणे होय. हवेतील नत्राचा एक रेणू फोडायला जिवाणूला किमान १६ एटीपी (पेशीत ऊर्जा पुरवणारे रेणू) एवढी ऊर्जा खर्च करावी लागते. गाठीत राहणाऱ्या जिवाणूला ही ऊर्जा पीक साखरेच्या रूपाने पुरवते, तर मातीत मोकळ्या फिरणाऱ्याला ती स्वतःच शोधावी लागते, आणि दोघांच्या कामातला फरक येथूनच सुरू होतो.

आणखी एक गोष्ट वारंवार सांगावी लागते. शेंगवर्गीय पिकाला सुरुवातीलाच भरपूर युरिया दिला तर गाठी कमी धरतात, कारण आयता नत्र मिळत असताना पीक जिवाणूवर साखर खर्च करत नाही.

५. मुळांना गाठी आल्या आहेत; त्या काम करताहेत हे कसे ओळखायचे?

पीक फुलोऱ्याच्या सुमारास असताना दोन-चार झाडे खुरप्याने मातीच्या ढेकळासकट काढावीत. ओढून उपटल्यास गाठी मातीतच राहतात आणि पाहणारा ‘गाठीच नाहीत’ असा निष्कर्ष काढून मोकळा होतो. मुळे पाण्यात हलवून धुवावीत आणि एक गाठ नखाने कापावी. आतला भाग गुलाबी किंवा लालसर असेल तर गाठ कामावर आहे. तो रंग लेगहिमोग्लोबिन या गाठीतल्या लाल प्रथिनाचा असतो आणि बोटाला किंचित लागतोही. आत पांढरी असेल तर गाठ कोवळी आहे किंवा तिच्यात निकामी जिवाणू शिरला आहे. हिरवट-तपकिरी गाठीचे काम संपलेले असते. मुख्य मुळावर, वरच्या भागात गुच्छाने धरलेल्या मोठ्या गाठी या बहुधा बियाण्याला चोळलेल्या जिवाणूच्या असतात.

६. स्फुरद विरघळवणारे जिवाणू आणि मायकोरायझा सगळ्या पिकांना चालतात का?

स्फुरद विरघळवणारे जिवाणू नवा स्फुरद निर्माण करत नाहीत. मातीत आधीच अडकून पडलेला स्फुरद सेंद्रिय आम्ले सोडून मोकळा करतात. मातीतच साठा नसेल तर मोकळे करायला काही उरत नाही.

मायकोरायझा ही मुळात शिरणारी बुरशी आहे. तिचे तंतू मुळांच्या पलीकडच्या मातीतून स्फुरद, जस्त आणि पाणी आणून देतात. बहुतेक पिकांशी तिचे जमते, परंतु मोहरी, कोबी, फुलकोबी, मुळा या कुळाशी आणि पालक, बीट यांच्याशी ती सहसा नाते जोडत नाही. अशा पिकांसाठी मायकोरायझाचे पाकीट घेणे म्हणजे पैसे मातीत घालणे आहे. भरपूर स्फुरद खत दिलेल्या जमिनीतही तिचा उपयोग कमी होतो.

७. जैविक कीडनाशक फवारले, पण दुसऱ्या दिवशी अळ्या तशाच आहेत. माल बनावट आहे का?

बनावट असू शकतो, पण बहुतेक वेळा अपेक्षा चुकलेली असते. बीटी अळीच्या पोटात जावे लागते. तेथील अल्कधर्मी रसात त्याचे प्रथिन विरघळून आतड्याचे अस्तर फाडते. अळी काही तासांत खाणे सोडते आणि १ ते ३ दिवसांत मरते. म्हणजे दुसऱ्या दिवशी पानावर जिवंत अळी दिसली तरी तिने नवे पान कुरतडले आहे का आणि ताजी विष्ठा पडली आहे का, ते पाहायला हवे. रस शोषणाऱ्या मावा किंवा तुडतुड्यांवर अळ्यांसाठीच्या बीटीचा परिणाम होत नाही, कारण ते पानाच्या पृष्ठभागावर असलेले काही खातच नाहीत.

एनपीव्ही विषाणूला याहून जास्त दिवस लागतात. त्याने मेलेली अळी झाडाच्या शेंड्याकडे चढून मागच्या पायांवर उलटी लोंबकळते. तिला काडीने स्पर्श केला तर कातडी फाटून आतला द्रव पानांवर ओघळतो आणि त्या थेंबात पुढच्या अळ्यांना मारणारे विषाणू असतात. अशी अळी दिसली तर ती काढून फेकू नये.

बिव्हेरिया आणि मेटारायझियम खाल्ले जावे लागत नाहीत. त्यांचा बीजाणू किडीच्या अंगावर रुजून कातडीतून आत शिरतो, म्हणून ते रस शोषणाऱ्या किडींवरही चालतात; पण रुजायला हवेत भरपूर ओलावा लागतो आणि कीड मरायला आठवडाभर किंवा अधिक काळही जाऊ शकतो.

या सर्वांना दोन नियम सारखेच लागू पडतात. अळी लहान असताना फवारावे, कारण मोठ्या अळीला मारायला कितीतरी जास्त मात्रा लागते. आणि फवारणी सायंकाळी करावी, कारण उन्हातील अतिनील किरणांनी विषाणू आणि बीटीचे प्रथिन लवकर निकामी होते. सकाळी दहाला फवारून ‘काम केले नाही’ असे कळवणाऱ्यांची संख्या आमच्याकडे मोठी आहे.

८. पाकीट घेताना काय पाहावे आणि ते कसे ठेवावे?

लेबलवर जीवाचे पूर्ण नाव व स्ट्रेन (त्या जीवाचा नेमका उपप्रकार), प्रति ग्रॅम किंवा मिलिलिटर जिवंत पेशींची संख्या, उत्पादनाची तारीख आणि अंतिम मुदत या गोष्टी असल्याच पाहिजेत. पेशींची संख्या ‘सीएफयू’ या एककात देतात. १ × १०⁸ सीएफयू म्हणजे एका ग्रॅममध्ये १० कोटी जिवंत पेशी. नुसते ‘उपयुक्त जिवाणूंचे मिश्रण’ एवढेच छापलेले असेल तर ते पाकीट परत ठेवावे.

साठवण सावलीत आणि थंड जागी करावी. बॅसिलस वर्गातील जिवाणू कठीण कवचाचे बीजाणू तयार करतात, त्यामुळे ते उष्णता बऱ्यापैकी सोसतात. रायझोबियम व स्युडोमोनास (रोग रोखणारा एक जिवाणू) यांच्याकडे असे कवच नाही. मी स्वतः एकदा रायझोबियमची पाकिटे बंद गाडीत दुपारभर उन्हात विसरलो, ‘वास तर ठीक आहे’ म्हणून तीच बियाण्याला चोळली, आणि त्या हंगामात मुळे धुऊन पाहताना गाठी शोधाव्या लागल्या. मेलेल्या संवर्धकाला वेगळा वास येत नाही, हा धडा तेव्हा मिळाला.

९. रासायनिक औषधाबरोबर एकाच टाकीत मिसळले तर चालेल का?

सरसकट ‘हो’ म्हणता येत नाही. ट्रायकोडर्मा आणि बिव्हेरिया या बुरशी आहेत, त्यामुळे बुरशीनाशक त्यांनाही मारण्याची शक्यता असते. जिवाणूंना ताम्रयुक्त औषधे आणि प्रतिजैविके घातक ठरतात. सुसंगततेचा तक्ता उत्पादकाने दिलेला नसेल तर दोन्हींत काही दिवसांचे अंतर ठेवावे. दोन जैविक उत्पादनेही एकमेकांचे मित्र असतीलच असे नाही: स्युडोमोनासचे काही स्ट्रेन बुरशीरोधक पदार्थ सोडतात आणि ते ट्रायकोडर्मालाही झोंबतात.

बीजप्रक्रियेत क्रम पाळावा: आधी बुरशीनाशक, मग कीटकनाशक, आणि ते सुकल्यावर सर्वांत शेवटी जिवाणू. नंतर बियाणे सावलीत सुकवून त्याच दिवशी पेरावे. पाण्याबाबत, क्लोरीनयुक्त नळाचे पाणी थेट वापरू नये, कारण पाण्यातले जंतू मारायला घातलेला क्लोरीन आपल्या जिवाणूंनाही मारतो. फवारणी पंपात आदल्या दिवशीचे तणनाशक किंवा बुरशीनाशक राहिलेले नसावे, हे सांगायची गरज नसावी, पण आहे.

१०. मित्रकीटक सोडले, पण शेतात एकही दिसत नाही. ते उडून गेले का?

ट्रायकोग्रामाची माशी एक मिलिमीटरपेक्षाही लहान असते, त्यामुळे ती नजरेला पडण्याची अपेक्षाच ठेवू नये. तिचे काम किडीच्या अंड्यांवर दिसते: तिने आपले अंडे घातलेले किडीचे अंडे काही दिवसांत काळे पडते. ती फक्त अंड्यांतच वाढते. शेतात अळ्या दिसू लागल्यावर ट्रायकोग्रामाची कार्डे (ती ज्यांत वाढत आहे अशी अंडी चिकटवलेले कागद) लावली तर त्या अळ्यांवर उपयोग नाही. म्हणून कामगंध सापळ्यात पतंग अडकू लागताच पहिले प्रसारण करावे आणि पुढे ठरावीक अंतराने करत राहावे, कारण प्रौढ माशी थोडेच दिवस जगते. कार्ड पानाच्या खालच्या बाजूला टाचावे. वर लावलेले कार्ड उन्हाने तापते आणि मुंग्या लागल्या तर एका रात्रीत अंडी फस्त होतात.

जमिनीतील हुमणीसाठी कीटकभक्षी सूत्रकृमी वापरतात तेव्हा मात्र खूण दिसते. हेटरोऱ्हॅबडायटिसने मारलेली अळी विटकरी लाल होते. हा रंग सूत्रकृमीने आपल्याबरोबर आणलेल्या जिवाणूचा असतो. या सूत्रकृमी सोडताना माती ओली हवी आणि पंपातील बारीक गाळणी काढून ठेवावी, नाहीतर त्या गाळणीतच अडकतात.

११. जैविक म्हणजे पूर्णपणे निर्धोक, बरोबर ना?

चूक. निकोटिन वनस्पतीतूनच येते आणि माणसाला अतिशय विषारी आहे. वनस्पतींच्या मुळांतून मिळणारे रोटेनोन मासे मारते. मातीतल्या एका जिवाणूपासून मिळणारे स्पिनोसॅड ओले असताना मधमाश्यांना घातक असते, म्हणून फुलोऱ्यात ते दिवसा मारू नये.

सूक्ष्मजीवांच्या बाबतीत बहुतेक नोंदणीकृत उत्पादने माणसाला रोग करत नाहीत, तरी बीजाणूंची भुकटी नाकात गेल्यास काहींना दम किंवा ॲलर्जी होते. हातमोजे आणि मास्क वापरावा. प्रतिकारशक्ती कमी असलेल्या व्यक्तीने हाताळणी टाळावी.

आणि रेशीमकिडा. बिव्हेरिया व बीटी दोन्ही मुळात त्याचेच रोग आहेत (प्रश्न २). शेजारी तुती असेल तर वाऱ्याने उडालेली फवारणी रेशीम संगोपनाची पूर्ण खेप संपवू शकते, तेव्हा अशा ठिकाणी ही दोन उत्पादने वापरूच नयेत.

परदेशी मित्रकीटकांचा धोका आणखी वेगळा असतो. १८८८ मध्ये ऑस्ट्रेलियातून कॅलिफोर्नियात पाठवलेल्या व्हेडालिया ढालकिड्याने तेथील लिंबूवर्गीय बागा एका खवले किडीपासून वाचवल्या, कारण तो जवळपास तेवढेच खातो. १९३५ मध्ये उसावरील भुंगेरे खावेत म्हणून ऑस्ट्रेलियात आणलेल्या केन टोड या बेडकाने भुंगेरे सोडून समोर येईल ते खाल्ले, आणि त्याच्या विषाने त्याला खाणारे स्थानिक प्राणी आजही मरतात. नवा जीव आणण्याचा निर्णय म्हणूनच शेतकऱ्याने वैयक्तिक पातळीवर घेऊ नये.

१२. किडींमध्ये जैविक औषधांविरुद्ध प्रतिकार तयार होतो का?

होतो. चौकोनी ठिपक्यांच्या पतंगाने बीटीच्या फवाऱ्याला दाद न देण्याची शेतातील पहिली ठळक नोंद १९९० मध्ये हवाईतून आली. सफरचंदावरील कॉडलिंग मॉथने आपल्या विषाणूला प्रतिकार दाखवल्याचे जर्मनी व फ्रान्समध्ये २००० नंतरच्या दशकात आढळले. दोन्हीकडे एकच साधन पुन्हा पुन्हा वापरले गेले होते. साधने आलटून पालटून वापरावीत.

१३. एक पाकीट घेऊन साखरेच्या पाण्यात ड्रमभर वाढवले तर पैसे वाचतील ना?

ड्रम फेसाळतो, आंबूस वास येतो आणि काहीतरी वाढले एवढे नक्की कळते. काय वाढले ते मात्र कळत नाही. निर्जंतुक न केलेल्या भांड्यात सर्वांत वेगाने वाढणारा जीव जिंकतो आणि तो बहुधा आपण टाकलेला नसतो. रायझोबियमसारखा संथ वाढणारा जिवाणू तर यात पहिल्याच दिवशी मागे पडतो. त्यात रोगकारक जंतू वाढले आणि ते द्रावण कच्च्या खाल्ल्या जाणाऱ्या भाजीवर गेले, तर प्रश्न पैशांपुरता राहत नाही. ट्रायकोडर्मा कुजलेल्या शेणखतात मिसळून, ओलावा राखून सावलीत आठ-पंधरा दिवस वाढवणे हा त्यातल्या त्यात रास्त अपवाद आहे.

१४. बायोस्टिम्युलंट हेही जैविक खतच ना?

युरोपीय महासंघाच्या २०१९ च्या खतविषयक नियमानुसार, जो जुलै २०२२ पासून लागू झाला, बायोस्टिम्युलंट हे त्यातील अन्नद्रव्यांमुळे नव्हे तर पिकाच्या स्वतःच्या पोषणक्रियांना चालना देऊन काम करते. ह्युमिक आम्ल, समुद्रशैवालाचे अर्क, अमिनो आम्ले ही परिचित उदाहरणे आहेत. काही सूक्ष्मजीवही त्यात मोडतात. ताणाखाली असलेल्या पिकात त्यांचा परिणाम अधिक दिसतो. जे उत्पादन एकाच वेळी खत, बुरशीनाशक आणि वाढवर्धक असल्याचा दावा करते, त्याच्याबाबत मी तरी हात आखडता घेतो.

१५. फरक पडला की नाही, हे खात्रीने कसे कळणार?

शेतात एक पट्टा उत्पादन न वापरता सोडावा. हा पट्टा बांधाकडेला नको, मधोमध हवा, कारण कडेची ओळ नेहमीच वेगळी वाढते. पाणी, खत, वाण, पेरणीचा दिवस सगळे सारखे ठेवावे आणि काढणीच्या वेळी दोन्ही पट्ट्यांचे माल वेगळे तोलावेत. शेजाऱ्याच्या शेताशी किंवा गेल्या वर्षीच्या पिकाशी केलेली तुलना निरुपयोगी आहे. जिवाणू खतांचा फरक रोपाच्या उंचीत क्वचितच लक्षात येतो. पट्ट्याला दोऱ्या बांधून खुंट्या ठोकाव्यात. काढणीपर्यंत तो पट्टा कोणता होता हे सगळे विसरलेले असतात.

१६. या हंगामापासून रासायनिक औषधे एकदम बंद करू का?

मी तसे सुचवणार नाही. शेतात मित्रकीटक कमी आणि कीड जास्त असताना सगळे एकाच वेळी बदलले, तर पहिल्याच वर्षी पीक हातचे जाते आणि माणूस कायमचा परत फिरतो. बीजप्रक्रिया, रोपवाटिकेतील आळवणी आणि सापळे येथून सुरुवात करावी. मित्रकीटकांना सर्वांत घातक ठरणारी, सरसकट मारणारी औषधे आधी वगळावीत. कीड आर्थिक नुकसानीच्या पातळीवर गेलीच तर निवडक रासायनिक औषध मारण्यात कमीपणा नाही. ते प्रश्न ९ मधील अंतर राखून मारावे.

१७. मुदत संपलेल्या पाकिटांचे काय करू?

वाहक, म्हणजे जिवाणू ज्यात मिसळलेले असतात ती भुकटी, पीट किंवा लिग्नाईट असेल तर संवर्धक कंपोस्टच्या ढिगात मिसळता येते. त्याच्या भरवशावर बीजप्रक्रिया मात्र करू नये. विषाणू, स्पिनोसॅड आणि वनस्पतिजन्य कीटकनाशके यांच्या बाटल्या लेबलवरील सूचनेप्रमाणेच नष्ट कराव्यात, आणि ओढ्यात किंवा विहिरीजवळ कधीही रिकाम्या करू नयेत.